लोंगजिंग चहा: नव्याने पिणाऱ्यांसाठी कढईपासून पेल्यापर्यंत

चीनच्या झेजियांग प्रांतातल्या हांगझोउ शहरालगतच्या टेकड्यांवर लोंगजिंग हा हिरवा चहा पिकतो. चीनमधल्या नामांकित चहांची यादी कुणीही केली, तरी त्यात याचं नाव वरच्या ओळीत असतं. आपल्याकडे मात्र 'ग्रीन टी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती दोऱ्याला बांधलेली पुडी, वजन कमी करण्याचा सल्ला आणि तोंड वाकडं करून संपवलेला कडू कप. त्या पुडीत बहुतेक वेळा पानांचा चुरा असतो आणि त्यावर आपण उकळतं पाणी ओततो. कडू होणार नाही तर काय!

लोंगजिंग नीट समजून घेतला तर हिरव्या चहाबद्दलचं मत बदलतं, हा माझा ठाम अनुभव आहे. त्यासाठी महागडी भांडी किंवा कुठलं विशेष शिक्षण लागत नाही. हा चहा कढईत कसा तयार होतो, एवढं मात्र आधी कळायला हवं. पान चपटं का, वास खमंग का, पाणी किती गरम घ्यायचं, डबा कुठे ठेवायचा या सगळ्यांची उत्तरं त्या कढईत आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: कढईत काय होतं ते समजून घ्या

काळा, हिरवा, ऊलाँग हे सगळे चहा एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. पान तोडलं की त्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि पान हळूहळू तांबूस-काळं पडतं. काळ्या चहात हा बदल पूर्ण होऊ देतात, हिरव्या चहात उष्णता देऊन तो थांबवतात. जपानमध्ये बहुतेक हिरव्या चहाला त्यासाठी वाफ देतात, म्हणून तो गडद हिरवा असतो आणि त्याला किंचित समुद्री शेवाळाचा वास येतो. लोंगजिंग कोरड्या कढईत परततात. त्याच्या खमंगपणाचं मूळ या परतण्यात आहे.

तोडणीपासून पाहू. कोंब खुडताना नख लावायचं नाही. अंगठा आणि तर्जनीच्या पेरांत धरून वर उचलल्यासारखं ओढायचं. नख लागलं तर देठ चिरडतो, तिथे तपकिरी डाग पडतो आणि तो शेवटपर्यंत दिसतो. चांगल्या प्रतीच्या मालात एक कळी आणि तिच्याखालचं एक पान एवढंच घेतात, त्यातही कळी पानापेक्षा लांब हवी. असे हजारो कोंब जमतात तेव्हा कुठे पाव किलो चहा होतो. शिवाय ओल्या पानाचं वजन वाळल्यावर चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. हंगामात हे काम करायला शेजारच्या प्रांतांतून मजूर येतात, त्यांत बायकाच जास्त.

ताजे कोंब बांबूच्या सुपांवर किंवा चटयांवर पातळ पसरून काही तास सावलीत ठेवतात. थोडं पाणी उडतं, गवताळ वास कमी होतो, पान लवचीक होतं. मग पहिली कढई. हा लोखंडी खोलगट तवा पूर्वी लाकडावर तापायचा, आता बहुतेक ठिकाणी विजेवर तापतो. कारागीर तव्याला नावापुरतं वनस्पतिजन्य तेल पुसतो, मूठ-दोन मुठी पानं टाकतो आणि उघडा हात आत घालतो. उलथनं नाही, झारा नाही. सुरुवातीला पानं उचलून बोटांतून झटकायची, म्हणजे वाफ बाहेर पडते. वाफ कोंडली तर पान पिवळं पडतं. पानं मऊ झाली की तळहाताने हलकेच दाबायला लागायचं. हा दाब वेळेआधी पडला तर रस बाहेर येऊन पान काळवंडतं, उशिरा पडला तर पान कडक होऊन मोडतं. नेमका क्षण कोणता, हे कारागिराला तळव्याखालच्या ओलाव्यावरून कळतं.

पंधराएक मिनिटांनी पानं बाहेर काढून तासभर निवत ठेवतात. देठात राहिलेलं पाणी या वेळात पानभर पसरतं. मग दुसरी कढई, आच पहिल्यापेक्षा कमी. इथे दाबणं, सरकवणं, कढईच्या भिंतीवर घासणं चालतं, आणि पान पूर्ण चपटं, गुळगुळीत, टोकदार होतं. झटकणं, पसरवणं, दाबणं, पकडणं, ढकलणं, घासणं अशा हाताच्या दहा हालचाली परंपरेने मोजल्या जातात. कारागीर त्या पानाच्या अवस्थेप्रमाणे मागेपुढे करतो, ठरावीक क्रम नसतो. नवख्यांच्या बोटांना फोड येतात. वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांच्या तळव्याची कातडी जाड आणि गुळगुळीत झालेली असते.

आज बाजारातला पुष्कळ माल यंत्रावर होतो. काही ठिकाणी पहिली कढई यंत्राची आणि शेवटची हाताची अशी मधली वाट काढलेली असते. यंत्राचा चहा वाईट नसतो. रोजच्या पिण्याला तो मला पूर्णपणे पटतो. पण हाताने परतलेल्या चहात प्रत्येक कोंबाच्या जाडीप्रमाणे दाब बदललेला असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यालाही चव टिकते. त्या फरकासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटतं, कारण ते पैसे एका कौशल्याला जगवतात.

पायरी २: नावाची हद्द ओळखा

हांगझोउच्या पश्चिमेला शिहू, म्हणजे पश्चिम सरोवर आहे. २०११ मध्ये युनेस्कोने त्याचा सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात समावेश केला. सरोवरामागे टेकड्या, दऱ्या, झरे आणि जुने बौद्ध मठ आहेत. याच टेकड्यांतल्या एका गावाचं आणि तिथल्या झऱ्याच्या विहिरीचं नाव लोंगजिंग, त्यावरून चहाचं नाव पडलं.

खरेदीला निघण्यापूर्वी एक भेद पक्का करा. 'शिहू लोंगजिंग' म्हणजे सरोवराच्या परिसरातल्या, कायद्याने आखून दिलेल्या सुमारे १६८ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातला चहा. नुसतं 'लोंगजिंग' म्हटलं तर त्यात झेजियांग प्रांतातले आणखी दोन मोठे पट्टे येतात, छ्येनतांग आणि यूएझोउ. भौगोलिक मानांकनाने २००१ मध्ये ही आखणी झाली. यूएझोउ पट्ट्यातल्या शिनछांग तालुक्यातला 'दाफो लोंगजिंग' त्या पद्धतीने केलेला चांगला चहा आहे आणि त्यावर ते नाव कायदेशीरपणे लागतं. नवख्याने सुरुवात तिथून करावी असं मी सुचवीन. शिहूच्या दर्जेदार मालाची किंमत आणि या मालाची किंमत यांत फार अंतर असतं, आणि हात बसेपर्यंत थोडा चहा वाया जाणारच.

शिहूच्या आतही घराणी आहेत. जुने व्यापारी पाच ठिकाणांची नावं घेतात: शीफंग, लोंगजिंग, युनछी, हूपाओ आणि मेइजियावू. यांत शीफंगचा मान पहिला. तिथल्या पानाचा रंग लख्ख हिरवा नसतो. त्यावर पिवळसर झाक असते, चिनी लोक तिला हातसडीच्या तांदळाचा रंग म्हणतात. पोपटी, एकसारखा चमकदार माल म्हणजे उत्तम, हा नवख्यांचा समज इथे उलटा पडतो.

झाडाची जातही विचारा. जुनी झाडं बियांपासून वाढलेली, एकाच बागेत एकमेकांपासून थोडी वेगळी. त्यांचे कोंब लहानमोठे असतात, चव मात्र खोल असते. दुसरी जात 'लोंगजिंग ४३'. हांगझोउमध्येच चहा संशोधन संस्था आहे, चीनच्या कृषी विज्ञान अकादमीची. तिथल्या शास्त्रज्ञांनी जुन्या झाडांतून निवड करून ही जात तयार केली आणि १९८७ मध्ये तिला राष्ट्रीय मान्यता मिळाली. ती लवकर फुटते, कोंब एकसारखे येतात, उत्पन्न चांगलं मिळतं. शेतकऱ्यांनी ती का स्वीकारली हे उघड आहे. दिसायला ती देखणी, सुगंध ताजा. जुन्या झाडांचा चहा तिच्यापेक्षा काही दिवस उशिरा येतो, आणि मला विचाराल तर थांबण्यासारखा असतो.

पायरी ३: तारीख वाचा

चिनी पंचांगात छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस ४ ते ६ एप्रिलच्या दरम्यान येतो. त्याआधी तोडलेला चहा 'मिंगछ्येन', सगळ्यात महाग. थंडीत झाड शांत असतं, पहिल्या कोंबांत गोडवा देणारी अमिनो आम्लं जास्त आणि तुरटपणा कमी असतो. त्यानंतर गूयू, म्हणजे २० एप्रिलच्या आसपासपर्यंतचा माल 'यूछ्येन'. तो चवीला भरदार आणि किमतीला सोसवणारा असतो. पहिल्या खरेदीला हाच घ्या. त्याची चव ठळक असल्यामुळे चुका झाल्या तरी हाती काही लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुणी 'नवा शिहू लोंगजिंग' विकत असेल तर घेऊ नका. तिथली झाडं तेव्हा फुटलेली नसतात. त्या काळात बाजारात येतो तो बहुधा दक्षिणेकडच्या वनझोउ भागातला 'वुन्यूझाओ'. ती फार लवकर फुटणारी जात असून तिची पानंही चपटी केलेली असतात. त्या नावाने विकला तर तो चहा प्रामाणिक आहे, शिहूच्या नावाने विकला तर नाही.

थोडं मागे वळून: हा वारसा आला कुठून

आठव्या शतकात लू यू यांनी 'छा जिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला. त्यात हांगझोउच्या थ्येनझू आणि लिंगयिन या मठांच्या परिसरात चहा होतो अशी नोंद आहे. म्हणजे इथल्या चहाला बाराशे वर्षांहून जास्त काळ झाला. तो चहा आजच्यासारखा चपटा नव्हता. तेव्हा पानं वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करत आणि पिताना त्या दळून घेत.

सोंग घराण्याच्या काळात, अकराव्या शतकात, बियेनत्साई नावाचे भिक्षू उतारवयात लोंगजिंगच्या डोंगरात येऊन राहिले. कवी आणि प्रशासक सू शी हांगझोउमध्ये दोनदा अधिकारी होते. या दोघांची मैत्री होती आणि बियेनत्साईंच्या डोंगरातल्या मठात चहापान होत असे. हांगझोउचे लोक लोंगजिंगच्या चहाचं मूळ बियेनत्साईंकडे नेतात.

मोठं वळण १३९१ मध्ये आलं. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबारी खंडणीसाठी चहाच्या वड्या बंद करून सुटी पानं पाठवण्याचा हुकूम काढला. वड्या करण्यात फार श्रम जातात, हे त्याचं कारण. त्यानंतर सुट्या पानांच्या चहाला वेग आला आणि कढईत परतण्याची कला बहरली. आजचा लोंगजिंग त्या बदलाचं अपत्य आहे.

छिंग घराण्याच्या काळात सम्राट छ्येनलोंग यांनी १७५१ ते १७८४ दरम्यान दक्षिणेचे सहा दौरे केले आणि हांगझोउच्या चहावर कविताही लिहिल्या. शीफंगच्या पायथ्याशी हू गोंग मंदिरासमोर चहाची १८ झुडपं आहेत. ती छ्येनलोंग यांनी राजझुडपं म्हणून मान दिलेली, अशी कथा सांगतात. दुसरी कथा अशी की आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा सम्राटाने हातातले कोंब बाहीत टाकले आणि तसेच राजधानीकडे निघाले. पोचेपर्यंत ते दबून चपटे झाले, आणि तेव्हापासून चहा चपटा करू लागले. कथा लोभस आहे, पण पान चपटं होतं ते कढईत, आणि ते श्रेय नाव न नोंदलेल्या कारागिरांचं आहे.

२००८ मध्ये शिहू लोंगजिंग परतण्याच्या कौशल्याचा चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने चीनमधली पारंपरिक चहा-निर्मितीची तंत्रं आणि त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतल्या. देशभरातल्या ४४ परंपरांचा तो एकत्रित प्रस्ताव होता आणि त्यात लोंगजिंगही होता. त्याच वर्षी १ मार्चपासून हांगझोउमध्ये या चहाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली.

भारताशी याचा एक जुना धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ मध्ये वेषांतर करून चीनच्या हिरव्या चहाच्या प्रदेशात गेला. वाटेत हांगझोउ लागलं. त्याने पाठवलेली रोपं आणि बियाणं हिमालयातल्या बागांत लागलं. दार्जिलिंग आणि कांगडा इथल्या जुन्या बागांत चिनी वाणाची झुडपं आजही आहेत. लोंगजिंग हाती येईपर्यंत कांगड्याचा सुट्या पानांचा हिरवा चहा आणून पाण्याचा अंदाज बसवायला हरकत नाही. चव वेगळी असते, पण सराव तोच.

पायरी ४: खरेदी

सुरुवातीला ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. पाकिटावर तोडणीचं वर्ष, ठिकाण आणि उत्पादकाचं नाव हवं. शिहू लोंगजिंगच्या अस्सल पाकिटावर क्रमांक असलेला पडताळणीचा शिक्का चिकटवलेला असतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. हा शिक्का नसेल, तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी तो चहा साधा लोंगजिंग समजून भाव करा.

चहा बघायला मिळाला तर चिमूटभर पानं पांढऱ्या कागदावर पसरा. पानं चपटी, सरळ, गुळगुळीत हवीत. तुकडे आणि भुकटी कमी हवी. तांबूस देठ किंवा काळे करपट ठिपके दिसले तर कढईत चूक झाली आहे. मग वास घ्या. ताज्या लोंगजिंगला भाजलेल्या चण्यासारखा उबदार वास येतो, त्यामागे हलका फुलांचा. चिनी लोक त्याला भाजलेल्या चेस्टनटचा वास म्हणतात. जुन्या पेटीचा, पुठ्ठ्याचा किंवा अत्तरासारखा तीव्र वास आला तर पाकीट परत द्या.

हांगझोउहून कुणी नातेवाईक किंवा सहकारी आणणार असेल तर त्याला एवढंच सांगा: यंदाचा, सीलबंद आणि लहान पाकिटांत.

पायरी ५: पाणी

हांगझोउमध्ये म्हण आहे की लोंगजिंगचा चहा आणि हूपाओचं पाणी ही जोडी. हूपाओ हा तिथला झरा. त्याचं पाणी वालुकाश्मातून झिरपून येतं, त्यात क्षार फार कमी असतात. आजही गावकरी कॅन घेऊन ते भरायला जातात.

आपल्याकडे बोअरवेलच्या जड पाण्यात हा चहा मरतो. रंग मळकट होतो, वर पातळ तवंग येतो, वास दबतो. पालिकेचं गाळलेलं पाणी किंवा फिल्टरचं मऊ पाणी वापरा. तेच पाणी पुन्हा पुन्हा उकळू नका.

तापमान ८० ते ८५ अंश. कोंब कोवळे असल्यामुळे उकळत्या पाण्याने ते शिजतात, आणि सगळा तुरटपणा एकदम उतरतो. थर्मामीटर नसेल तर पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, पाणी दुसऱ्या उघड्या भांड्यात ओता आणि चार-पाच मिनिटं थांबा. पावसाळी गारव्यात थोडं कमी, मे महिन्यात थोडं जास्त. भांड्यावर हात धरल्यावर वाफ उबदार लागली पाहिजे, चटका बसता कामा नये.

पायरी ६: पेल्यात

लोंगजिंगसाठी सर्वांत योग्य भांडं म्हणजे साधा, सरळ, बिनरंगी काचेचा पेला, २०० मिलिलिटरच्या आसपासचा. किटली नको, गाळणी नको, झाकण तर नकोच. झाकणाखाली पानं वाफेत कोंडली की पिवळी पडतात. कढईत वाफ कोंडू द्यायची नसते ना, तेच इथेही.

पेला गरम पाण्याने विसळून घ्या. त्यात ३ ग्रॅम चहा टाका. चपटी पानं जागा बरीच व्यापतात, त्यामुळे वजनकाटा नसेल तर चहाचे दोन भरलेले चमचे धरा. आता पाव पेला पाणी घाला आणि पेला तिरका करून हलकेच फिरवा. अर्ध्या मिनिटात पानं ओली होऊन फुलायला लागतात. इथे थांबा आणि नाक पेल्याजवळ न्या. पूर्ण चहातला सगळ्यात चांगला वास याच क्षणी येतो.

मग उरलेलं पाणी थोड्या उंचीवरून, पेल्याच्या कडेने, सात-अष्टमांश होईल इतकं ओता. पेला काठोकाठ भरत नाहीत. दोन मिनिटं बघत राहा. आधी सगळी पानं वर तरंगतात. मग एखादं देठाच्या बाजूने झुकतं, उभं राहतं, हळूच खाली उतरतं, मध्येच थांबतं. कळी आणि पान एकमेकांपासून सुटतात, आणि कोंब झाडावर जसा होता तसा दिसू लागतो. पाण्याचा रंग फिकट, पिवळसर हिरवा. त्यात बारीक पांढरी लव तरंगताना दिसेल, ती कोवळ्या कळीवरची आहे, घाण नाही.

बहुतेक पानं तळाला गेली की प्या. वर राहिलेली फुंकर मारून बाजूला सारायची. साखर, दूध, लिंबू, मध, पुदिना यांतलं काहीही घालू नका. पहिला घोट तुम्हाला फिका वाटेल. दूध-साखर-आल्याच्या चहावर वाढलेल्या जिभेला तो तसाच वाटतो. दुसरा-तिसरा घोट तोंडात क्षणभर फिरवा. गिळल्यानंतर घशात आणि जिभेच्या कडांना गोडवा परत येतो, तो शोधा.

पेला संपवू नका. एक तृतीयांश उरला की पुन्हा पाणी घाला, यावेळी थोडं जास्त गरम. उरलेल्या चहामुळे पुढच्या पाण्याला चव धरते. असं तीनदा होतं. साधारणपणे दुसरं पाणी सर्वांत समतोल लागतं.

उन्हाळ्यासाठी सोपी पद्धतही आहे. लिटरभर गार पाण्यात ५ ग्रॅम पानं टाकून बाटली पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवायची. कडूपणा जवळपास उतरतच नाही आणि गोडवा पुढे येतो. मात्र महागडा मिंगछ्येन यासाठी वापरू नका, साधा लोंगजिंग पुरे.

चव जमली नाही, तर कारण शोधणं अवघड नाही. कडू-तुरट झाला तर पाणी फार गरम होतं किंवा पानं जास्त पडली. पाणचट झाला तर पाणी कोमट होतं. वास मेलेला वाटला तर चहा जुना आहे किंवा पाणी जड. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. पिऊन झाल्यावर ओली पानं पांढऱ्या बशीत पसरून पाहायची सवय लावा. अखंड कळी-पानाच्या जोड्या किती, तुकडे किती, करपलेल्या कडा किती हे तिथे उघड दिसतं. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ती बशी जास्त खरं सांगते.

एक सूचना मनापासून: रिकाम्या पोटी आणि रात्री उशिरा टाळा. यात कॅफीन असतं. औषध म्हणूनही पिऊ नका. ज्यांनी हात भाजून घेऊन तो चवीसाठी घडवला आहे, त्यांचा चहा चवीसाठीच प्यावा.

पायरी ७: साठवण

दुसऱ्या कढईतून बाहेर पडलेल्या पानांत पाणी जेमतेम सहा-सात टक्के उरलेलं असतं. इतकं कोरडं पान हवेतला ओलावा आणि आजूबाजूचे वास झपाट्याने ओढून घेतं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात पाकीट रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तो चहा गेला असं समजा. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, देवघरातल्या उदबत्तीजवळही नको.

हांगझोउची जुनी रीत ऐकण्यासारखी आहे. नवा चहा कागदात बांधून मातीच्या मोठ्या रांजणात ठेवतात आणि सोबत कापडी पिशवीत कळीचा चुना. चुना ओलावा शोषतो. दोन-तीन आठवड्यांत चहाचा हिरवट उग्रपणा जातो आणि सुगंध गोलसर होतो. कढईतून आलेला चहा लगेच पिण्यापेक्षा तो असा मुरू द्यावा, हे तिथले जाणकार आवर्जून सांगतात. घरी हा प्रयोग करू नका, कळीचा चुना पाण्याच्या संपर्कात येताच प्रचंड तापतो.

घरी असं करा. चहा लहान, हवाबंद, अपारदर्शक पाकिटांत विभागा, ती पाकिटं एका घट्ट डब्यात घाला आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. पाकीट बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका. आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार पानांवर दव धरतं. एकदा फोडलेलं पाकीट पुन्हा आत-बाहेर न करता महिन्याभरात संपवा. वर्ष उलटलेला लोंगजिंग विषारी होत नाही, पण ज्यासाठी तो घ्यायचा ते त्यातून निघून गेलेलं असतं.

पायरी ८: हांगझोउला जाणं झालं तर

शांघायला कामानिमित्त जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. तिथून हांगझोउ वेगवान रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गेलात तर तोडणी आणि कढई दोन्ही बघायला मिळतात. छिंगमिंगच्या सुट्टीचे दिवस तेवढे टाळा, डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

लोंगजिंग गावात हू गोंग मंदिराजवळची ती १८ झुडपं बघा, कठडा घालून जपलेली आहेत. गावातून ओढ्याकाठाने जिउशीकडे उतरणारी पायवाट चहाच्या मळ्यांतून जाते, ती चालावी. मेइजियावू गाव मोठं आहे, तिथे घराघरांच्या अंगणात चहा आणि जेवण मिळतं. ताज्या पानांसोबत परतलेली कोळंबी हा हांगझोउचा प्रसिद्ध पदार्थ आहे, मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. अंगणात चहा विकत घेण्यापूर्वी पेल्यात करून मागा आणि बशीत पानं पसरून पाहा. यजमानांना ते आवडतं, कारण गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्यांच्या लक्षात येतं. कढईवर काम चालू असेल तर दाराशी उभं राहून बघायला सहसा कुणी हरकत घेत नाही. कारागिराशी बोलणं मात्र कढई उतरल्यावर, मध्ये बोलून त्याचा हात थांबवू नका.

पहिला दिवस चीनच्या राष्ट्रीय चहा संग्रहालयाला द्या. ते हांगझोउमध्येच, मळ्यांच्या मधोमध आहे, १९९१ मध्ये सुरू झालं. तिथे वड्यांच्या काळापासूनची भांडी, कढया आणि निरनिराळ्या प्रांतांचे चहा शेजारी शेजारी मांडलेले आहेत. ते पाहून गावात गेलात तर बरंच काही आपोआप कळत जातं. सोमवारी ते बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.